टॉर्क कन्व्हर्टरची निवड: डब्यावरचा आकडा आणि इंजिनाचा जोर

इंजिन खोलून नवे केले, मोठा कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बसवला, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट बदलले, आणि एवढे सगळे करूनही गाडी सिग्नलवरून निघताना पूर्वीपेक्षा मंद वाटते, हा अनुभव अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांतील ऑटोमॅटिक गाड्या हौसेने सुधारणाऱ्यांना हमखास येतो. दोष इंजिनात शोधला जातो, कार्ब्युरेटरची जेट पुन्हा पुन्हा बदलली जातात, परंतु खरी अडचण बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसलेल्या, मेदुवड्याच्या आकाराच्या पोलादी भांड्यात असते. कंपनीने तो टॉर्क कन्व्हर्टर जुन्या, शांत इंजिनासाठी बनवलेला असतो आणि नव्या इंजिनाचा स्वभाव त्याला मानवत नाही. मग दुसरा कन्व्हर्टर घ्यायचे ठरते आणि विक्रेत्याच्या यादीत २,४००, २,८००, ३,५०० असे आकडे समोर येतात. या आकड्यांचा अर्थ नीट समजून न घेता केलेली खरेदी फसण्याची शक्यता फार मोठी असते, म्हणून निवडीकडे वळण्यापूर्वी हे यंत्र काय करते ते पाहणे आवश्यक आहे.

ताक घुसळताना रवी फिरते, तसे डेऱ्यातले ताकही तिच्याबरोबर फिरू लागते. त्याच डेऱ्यात दुसरी रवी सैल सोडली, तर फिरणारे ताक तिलाही फिरवील, मात्र ती पहिलीपेक्षा थोडी मागे राहील. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पहिल्या रवीच्या जागी इंजिनाला जोडलेला इम्पेलर असतो, दुसरीच्या जागी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेला टर्बाइन असतो आणि ताकाच्या जागी गिअरबॉक्सचे तेल असते. एवढेच असते तर त्याला केवळ द्रव-जोडणी म्हणता आले असते, आणि तिच्यात जितका टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, आत जातो तितकाच बाहेर पडतो. टॉर्क वाढवण्याचे काम या दोघांच्या मध्ये बसलेला स्टेटर करतो. टर्बाइनला ढकलून परत येणारे तेल उलट दिशेने वळलेले असते आणि ते तसेच इम्पेलरवर आदळले तर इंजिनालाच अडवील. स्टेटरची पाती त्या प्रवाहाला पुन्हा इम्पेलरच्या फिरण्याच्या दिशेने वळवतात, आणि या वळवण्यामुळे गाडी स्थिर असताना टर्बाइनवर इंजिनाच्या साधारण दुप्पट टॉर्क मिळू शकतो. गाडीने वेग घेतला आणि टर्बाइनची गती इम्पेलरच्या सुमारे ८५ ते ९० टक्के झाली, की एका दिशेनेच मोकळा फिरणाऱ्या क्लचमुळे स्टेटरही प्रवाहाबरोबर फिरू लागतो, टॉर्क वाढणे थांबते आणि कन्व्हर्टर साध्या द्रव-जोडणीसारखा वागतो.

ही कल्पना मोटारगाडीसाठी जन्मलेली नव्हती. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने जहाजाच्या वेगवान वाफेच्या टर्बाइनचा जोर संथ फिरणाऱ्या पंख्यापर्यंत पोहोचवण्यासाठी ती मांडली आणि १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. अमेरिकन प्रवासी गाड्यांत ती १९४८ मध्ये ब्यूइकच्या डायनाफ्लोबरोबर आली. डायनाफ्लो नेहमीच्या चालवण्यात गिअर बदलतच नसे, सगळा भार कन्व्हर्टरवर असे, त्यामुळे ती रेशमासारखी मऊ आणि तितकीच सुस्त होती.

स्टॉल स्पीड हा केवळ कन्व्हर्टरचा गुण नव्हे

यादीतला आकडा म्हणजे स्टॉल स्पीड. टर्बाइन पूर्णपणे रोखून धरला आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तर इंजिन मिनिटाला जितक्या फेऱ्यांवर पोहोचून अडकते, तो हा वेग. इम्पेलर जितक्या जोरात फिरेल तितका अधिक टॉर्क तेल शोषून घेते आणि हे शोषण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जिथे इंजिनाचा टॉर्क आणि तेलाने शोषलेला टॉर्क समान होतात, तिथे इंजिनाचे फेरे चढणे थांबते. म्हणून हिशेब सोपा आहे: स्टॉल स्पीड म्हणजे कन्व्हर्टरचा स्वतःचा एक स्थिरांक गुणिले इंजिनाच्या टॉर्कचे वर्गमूळ. या स्थिरांकाला के-फॅक्टर म्हणतात.

समजा एखाद्या कन्व्हर्टरचा के-फॅक्टर, टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये धरला तर, १२० आहे. त्याच्यापुढे ६२५ न्यूटन-मीटर देणारे इंजिन असेल तर वर्गमूळ २५ येते आणि स्टॉल ३,००० फेऱ्यांवर होतो. तोच कन्व्हर्टर ४०० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे २,४०० वर अडेल आणि ३०० न्यूटन-मीटरच्या थकलेल्या इंजिनामागे जेमतेम २,१०० पर्यंत जाईल. एकच भांडे, एकच पाती आणि तीन निरनिराळे आकडे. त्यामुळे कोणत्या टॉर्कवर मोजला हे न सांगता दिलेला स्टॉलचा आकडा मला अर्धे वाक्य वाटते. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि त्याला उत्तर देता येत नसेल तर दुसरीकडे जावे.

याच सूत्रातून एक फार पसरलेला गैरसमजही दूर होतो. ३,००० चा कन्व्हर्टर बसवला की ३,००० फेरे होईपर्यंत गाडी हलणार नाही, असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात स्टॉल स्पीड पूर्ण ॲक्सिलरेटरचा आकडा आहे. रहदारीत हलकेच निघताना इंजिनाला जर ५० न्यूटन-मीटरच द्यावे लागत असतील, तर १२० च्या कन्व्हर्टरमध्ये त्यासाठी ८५० फेरे पुरतात. गाडी चालते, फक्त पाय थोडा अधिक दाबला की आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि मग वेग येतो. हा सैलपणा काहींना अजिबात खपत नाही. रोज घरच्यांना घेऊन जायची गाडी असेल तर निवडीत त्यांचेही मत विचारात घ्यावे, असे मी मनापासून सांगेन.

के-फॅक्टर बदलण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला म्हणजे व्यास. शोषला जाणारा टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो, त्यामुळे आतील रचना तशीच ठेवून १२ इंची कन्व्हर्टरऐवजी १० इंची घेतला, तर तो त्याच फेऱ्यांवर जेमतेम ४० टक्के टॉर्क शोषतो आणि स्टॉल जवळपास १.६ पट होतो. व्यास घटल्याने वजन आणि फिरणारी जडता कमी होते, हा वेगळा लाभ. दुसरा मार्ग म्हणजे पात्यांचे कोन, विशेषतः स्टेटरच्या पात्यांचे. जनरल मोटर्सने १९६५ ते १९६७ या वर्षांत काही ब्यूइक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक गाड्यांत स्टेटरची पाती चालत्या गाडीत दोन कोनांत वळवणारा कन्व्हर्टर दिला होता. एका कोनात तो घट्ट, म्हणजे कमी स्टॉलचा असे, दुसऱ्यात सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा. एकाच भांड्यात दोन स्वभाव बसवण्याची ती कल्पना इतकी उपयुक्त होती की जुन्या गिअरबॉक्सचे जाणकार आजही ते कन्व्हर्टर शोधत असतात.

एका गाडीचा हिशेब

आता एक ठोस उदाहरण घेऊ. १९६९ ची शेव्हरोले कॅमारो, ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन, तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ३.७३ आणि २६ इंच व्यासाचे टायर. मालकाने मध्यम आकाराचा स्पर्धेकडे झुकणारा कॅमशाफ्ट बसवला आहे, त्यामुळे कमाल टॉर्क ४,००० फेऱ्यांच्या आसपास आला आहे आणि २,००० च्या खाली इंजिन अडखळते. गाडी बहुतेक वेळ रस्त्यावर आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी पाव मैलाच्या ड्रॅग पट्टीवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, धावते.

पहिला प्रश्न आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या फेऱ्यांवर चालते त्यांचा. मोठ्या कॅमशाफ्टमुळे आयडल ८५० च्या खाली ठेवता येत नाही. मूळ कन्व्हर्टरचा के-फॅक्टर सुमारे ८० धरला, तर गाडी ड्राइव्हमध्ये टाकून ब्रेकवर उभी असताना तो इंजिनावर सुमारे ११३ न्यूटन-मीटरचा भार टाकतो. आधीच अडखळणारे इंजिन तो पेलत नाही, फेरे कोसळतात आणि गाडी एक तर बंद पडते किंवा ब्रेकला न जुमानता पुढे सरकू पाहते. १२० चा कन्व्हर्टर त्याच आयडलला ५० न्यूटन-मीटरच मागतो. सिग्नलवरची तक्रार एवढ्याने मिटते, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी कन्व्हर्टर बदलण्याचे हे कारण मला वेगापेक्षाही अधिक खरे वाटते.

दुसरा प्रश्न सुटण्याचा. या इंजिनाचा टॉर्क २,५५० च्या आसपास ४५० न्यूटन-मीटर असेल, तर १२० च्या कन्व्हर्टरचा स्टॉल तिथेच येईल. अडखळण्याचा पट्टा मागे पडेल आणि इंजिन आपल्या चांगल्या टॉर्कच्या उंबरठ्यावर उभे असेल. केवळ ड्रॅग पट्टीसाठीची गाडी असती तर स्टॉल कमाल टॉर्कच्या फेऱ्यांवर किंवा थोडा वरही नेला असता. रस्त्यावरच्या गाडीत मात्र तो त्याच्या पुष्कळ खाली ठेवणेच शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न गिअर बदलताना फेरे किती पडतात याचा, आणि नेमका तोच सर्वात जास्त विसरला जातो. या गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.५२ आणि दुसरा १.५२ चा आहे. ५,८०० फेऱ्यांवर गिअर बदलला तर टर्बाइनचा वेग सुमारे ३,५०० वर येतो, आणि दुसऱ्याचा तिसरा होताना सुमारे ३,८०० वर. इंजिन त्याच्याही थोडे वर राहते, म्हणजे एकदा गाडी सुटली की ती चांगल्या टॉर्कच्या पट्ट्यातून खाली येतच नाही. यापेक्षा खूप सैल कन्व्हर्टर घेतला तर प्रत्येक गिअर बदलानंतर इंजिन नुसते ओरडत राहील आणि ती शक्ती तेल तापवण्यात जाईल.

चौथा प्रश्न महामार्गाचा. ताशी ११० किलोमीटरला या टायरचे चाक मिनिटाला सुमारे ८८४ फेरे घेते, आणि ३.७३ च्या ॲक्सलमुळे, तिसरा गिअर थेट असल्याने, शाफ्ट सुमारे ३,३०० फेऱ्यांनी फिरतो. या गिअरबॉक्समध्ये ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १ पेक्षा कमी गुणोत्तराचा गिअर, नाही. त्याच्या जागी शेव्हरोलेच्या पुढच्या पिढीतला चार गिअरचा ४एल६०-ई बसवला, ज्याचा शेवटचा गिअर ०.७० आहे, तर त्याच वेगाला २,३०० फेरे पुरतात. अशा वेळी कन्व्हर्टरला लॉक-अप क्लच असणे जवळजवळ अनिवार्य ठरते, कारण एरवी कमी फेऱ्यांवर सैल कन्व्हर्टर सतत घसरत राहतो. लॉक-अप म्हणजे वेग स्थिर झाल्यावर आवरण आणि टर्बाइन यांना क्लचने थेट बांधून टाकणे. पॅकार्डने १९४९ मध्येच आपल्या अल्ट्रामॅटिकमध्ये ते दिले होते. मूळ एका चकतीचा लॉक-अप मंद पायाने चालवण्यासाठी असतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर तो लावायचा असेल तर अनेक चकत्यांचा क्लच असलेला कन्व्हर्टरच घ्यावा, नाहीतर चकतीचे अस्तर थोड्याच दिवसांत जळून तेलात मिसळते.

यादीत आणखी एक आकडा असतो, तो स्टॉलवरील टॉर्क वाढीच्या गुणोत्तराचा. साधारण १.८ ते २.५ या दरम्यान तो असतो आणि मोठा आकडा पाहून मोह पडतो. जड गाडी, लहान गुणोत्तराचा ॲक्सल आणि बेताचे इंजिन असेल तर मोठे गुणोत्तर खरोखर उपयोगी पडते. परंतु सुटताना जास्त टॉर्क देणारा स्टेटर वरच्या फेऱ्यांवर बहुधा अधिक घसरतो, आणि ज्या गाडीचे टायर आधीच पकड सोडतात तिला सुटताना वाढवलेला टॉर्क केवळ धूर काढायला मदत करतो. आपल्या उदाहरणातील कॅमारोवर रस्त्याचे साधे टायर असतील तर मी २ च्या आसपासच थांबेन.

टर्बोचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र) किंवा नायट्रस (जोर वाढवण्यासाठी इंजिनात सोडला जाणारा वायू) असलेल्या गाडीत हा सगळा हिशेब हलतो, कारण टॉर्कच बदलतो. नायट्रस सुरू होताच स्टॉल वर चढतो, म्हणून नायट्रस न धरता केवळ इंजिनाच्या टॉर्कवर निवडलेला कन्व्हर्टर अचानक फार सैल वाटतो. टर्बोच्या गाडीला सुटण्यापूर्वी हवेचा दाब तयार व्हायला पुरेसे फेरे हवेत, पण दाब आल्यावर कन्व्हर्टर घट्टही राहायला हवा. या दोन्ही मागण्या एकदम पुरवणे अवघड आहे, आणि इथे तयार डबा न घेता त्या गाडीसाठी बांधून घेणेच योग्य.

उष्णता आणि बांधणी

जी शक्ती चाकांपर्यंत जात नाही ती तेलात उष्णता म्हणून उतरते. स्टॉलवर तर चाके स्थिर असतात, म्हणजे सगळीच शक्ती तेलात जाते. आपल्या कॅमारोत २,५५० फेऱ्यांवर ४५० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १२० किलोवॅट होतात. गाडी ब्रेकवर धरून पाच सेकंद असे केले, तर ९ लिटर तेलाचे तापमान सरासरी ४० अंशांच्या आसपास वाढेल, आणि ही उष्णता आधी कन्व्हर्टरमधल्या थोड्याच तेलात जमत असल्याने तिथली वाढ त्याहून कितीतरी जास्त असेल. म्हणूनच स्टॉल मोजताना दोन-तीन सेकंदांपलीकडे जाऊ नये आणि मध्ये न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल निवू द्यावे. तेल ८० ते ९५ अंशांत राहिले तर गिअरबॉक्स दीर्घकाळ टिकतो. मूळपेक्षा सैल कन्व्हर्टर घेणाऱ्याने वेगळा तेल-कूलर आणि तापमानाचा मीटर यांचे पैसे त्याच खरेदीत धरावेत. कूलर नंतर बघू म्हणणारा माणूस बहुधा गिअरबॉक्सही नंतर बघतो, आणि ते बघणे महाग पडते.

बांधणीबाबत काही गोष्टी विचारून घ्याव्यात. पाती केवळ वाकवून अडकवलेली आहेत की भट्टीत ब्रेझिंग (वितळलेल्या धातूने सांधणे) करून पक्की केली आहेत, स्टेटरच्या दोन्ही बाजूंना नीडल बेअरिंग आहेत की साधे वॉशर, स्टेटरचा एकदिशा क्लच मूळचाच आहे की मजबूत, हे ते प्रश्न. जास्त शक्तीच्या गाडीत तेलाचा दाब आणि फेऱ्यांमुळे भांडे फुग्यासारखे फुगू लागते, आणि ते पुढे क्रँकशाफ्टवर रेटा देऊन इंजिनाचे थ्रस्ट बेअरिंग खाऊन टाकते. म्हणून तिथे फुगणे रोखणारी जाड तबकडी आवश्यक असते. फ्लेक्सप्लेट, म्हणजे क्रँकशाफ्टला कन्व्हर्टर जोडणारी तबकडी, तीही तशीच: शर्यतीच्या गाडीत एसएफआय २९.१ या सुरक्षा-मानकाने प्रमाणित घ्यावी.

मागणी नोंदवताना बांधणाऱ्याला गाडीचे चालकासह वजन, ॲक्सलचे गुणोत्तर, टायरचा व्यास, गिअरबॉक्स, कॅमशाफ्टचे तपशील, वापर आणि शक्य असेल तर डायनोवरचा (इंजिनाचा जोर मोजणाऱ्या यंत्रावरचा) टॉर्कचा आलेख द्यावा. इथे प्रामाणिक राहणे फार महत्त्वाचे आहे. वर्षात दोनदा पट्टीवर जाणाऱ्याने स्वतःला शर्यतपटू म्हणून सांगितले, तर बांधणारा त्याला शर्यतीचाच कन्व्हर्टर देईल आणि उरलेले दिवस त्याच्यासह रहदारीत काढावे लागतील.

बसवल्यानंतर

कन्व्हर्टरमध्ये आधी सुमारे लिटरभर तेल ओतून तो शाफ्टवर सरकवावा, आणि फिरवत आत ढकलताना दोन-तीन वेळा खटका बसून तो पुढे सरकल्याची खात्री करावी. शेवटचा खटका म्हणजे त्याचा हब तेलपंपात बसल्याची खूण. गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट राहायला हवी. फट नसेल आणि बोल्ट आवळूनच तो ओढला जात असेल, तर इंजिन पहिल्यांदा चालू करताच पंप फुटतो. बोल्ट कन्व्हर्टरबरोबर आलेलेच वापरावेत, कारण लांब बोल्ट पुढच्या आवरणाला आतून उठाव आणतो आणि नेमका तिथेच लॉक-अपचा क्लच घासतो. आधीचा कन्व्हर्टर जळाला असेल तर जुना कूलर धुण्यावर विसंबू नये, बदलावा.

मग खरा स्टॉल मोजावा. ब्रेकवर धरून मोजलेला आकडा अनेकदा फसवा असतो, कारण स्टॉल येण्याआधीच मागची चाके फिरू लागतात. अधिक उपयोगी आहे ती आयडलवरून अचानक पूर्ण ॲक्सिलरेटर दाबण्याची पद्धत: गाडी सुटताना टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा एकदम उसळून क्षणभर जिथे अडतो तो आकडा नोंदवावा, आणि तीन-चार वेळा ही चाचणी करून सरासरी काढावी. हलकी गाडी लवकर निसटत असल्याने तिच्यात हा आकडा थोडा कमी दिसतो, जड गाडीत तो खऱ्या स्टॉलच्या जवळ जातो.

घसरण, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट यांच्या फेऱ्यांतला फरक, मोजायला महामार्गावर जावे. आपल्या गाडीत ताशी ११० ला शाफ्टचे फेरे ३,३०० आहेत, तर टॅकोमीटर ३,४६० दाखवत असेल तर घसरण सुमारे ५ टक्के आहे आणि ती लॉक-अप नसलेल्या चांगल्या कन्व्हर्टरला शोभते. ३,७०० दाखवत असेल तर ती ११ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे कन्व्हर्टर या गाडीला सैल पडला आहे. हे दोन आकडे, तेलाचे तापमान आणि टॉर्कचा आलेख बांधणाऱ्याला परत पाठवावेत. चांगला बांधणारा वेल्डचा जोड कापून भांडे उघडतो, स्टेटर बदलतो किंवा पात्यांचे कोन सुधारतो आणि पुन्हा बंद करून समतोल तपासून देतो, आणि मागणी नोंदवतानाच या दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे लिहून घेतलेले असावे.